दहावीचे ९२ टक्के खरे किती? मार्कशीट वाचायची आणि अकरावीचा फॉर्म भरायची माझी पद्धत

दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो आणि तीन वाजेपर्यंत माझ्याकडे पेढ्यांचे चार-पाच पुडे जमलेले असतात. मी डोंबिवलीत घरीच गणित-सायन्सच्या शिकवण्या घेते, वीस वर्षं होतील आता, आणि पेढा अजून तोंडात असतो तोवर प्रश्न येतोच, "मॅडम, ९२ पडलेत, सायन्सच घेऊ ना?" मी दरवर्षी एकच सांगते, नेटवरची प्रिंट द्या, एक पेन द्या आणि दहा मिनिटं कुणी बोलू नका. त्या दहा मिनिटांत मी काय करते आणि पुढे फॉर्म कसा भरून घेते ते एकदाच लिहून ठेवतेय, म्हणजे पुढच्या वर्षी निदान अर्ध्या लोकांना हीच लिंक पाठवता येईल.

आधी टक्के झाकून ठेवा, विषय बघा

खरंच अंगठ्याने झाका. मग सहा विषयांचे मार्क एका कागदावर उतरवून घ्या.

एक उदाहरण घेऊ, नाव-गाव नाही, आकडे थोडे इकडेतिकडे केलेत पण असलंच मार्कशीट दर वर्षी दहा-बारा तरी बघते. मराठी ९२, संस्कृत ९९, इंग्रजी ८४, गणित ७१, विज्ञान ८३, सामाजिक शास्त्रं ९५. सहाची बेरीज ५२४, सहाशेपैकी, म्हणजे ८७.३३ टक्के. पण बोर्ड सहा धरतच नाही, बेस्ट ऑफ फाइव्ह धरतं, म्हणजे सगळ्यात कमी मार्कांचा विषय बाजूला. इथे बाजूला कोण गेलं? गणित. उरले ४५३, पाचशेपैकी, ९०.६ टक्के. शिवाय पोराने इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड काढलेली, त्याचे ७ मार्क वरून, झाले ४६०. ९२ टक्के. पेढे.

आता ह्याच मुलाला सायन्सला जायचंय. सायन्सला संस्कृतचे ९९ उपयोगाला येणार नाहीत (संस्कृतवर माझा राग नाही, मी स्वतः घेतलं होतं, पण ते स्कोअरिंग म्हणूनच घेतलं होतं हेही खरं). सायन्सला लागणार गणित आणि विज्ञान. ७१ अधिक ८३, म्हणजे दोनशेपैकी १५४, ७७ टक्के. अजून संपलं नाही, कारण ह्या दोन्ही विषयांत २०-२० मार्क शाळेच्या हातातले असतात, गणितात गृहपाठ आणि बहुपर्यायी चाचणीचे, विज्ञानात प्रॅक्टिकलचे, आणि बऱ्याच शाळा ते वीसपैकी वीस, फार तर एकोणीस देतात. मार्कशीटवर ते वेगळे छापून येत नाहीत, सगळे मिळून शंभरपैकी एकच आकडा. म्हणून वीसच मिळालेत असं धरून वजा करायचे. गणित ८० पैकी ५१, विज्ञान ८० पैकी ६३. एकूण १६० पैकी ११४, म्हणजे ७१ टक्के आणि वर जरासं.

तर ९२ आणि ७१, दोन्ही आकडे एकाच मुलाचे आणि दोन्ही खरे. ९२ हा आकडा अकरावीच्या जागेसाठी आहे, तिथे तोच चालतो, त्याला लाजायचं कारण नाही. ७१ हा आकडा शाखा ठरवायला आहे. लोक ह्या दोन आकड्यांची अदलाबदल करतात आणि मग दोन वर्षांनी माझ्याकडे येऊन बसतात, पेढ्यांशिवाय.

एवढे मार्क आले कुठून

हे वाचायचा कंटाळा आला तर पुढच्या भागावर जा, पण ज्या बाबांना स्वतःच्या वेळचे ६५ टक्के आठवून पोराचे ९२ बघून भरून येतं त्यांनी वाचावं.

२०१८ ला राज्य बोर्डाचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला होता. २०१९ ला नवा अभ्यासक्रम आला आणि भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे २० मार्क काढून टाकले, पेपर पूर्ण १०० चा केला. निकाल धाडकन ७७.१० वर आला. बाकी काही फारसं बदललं नव्हतं हो, पोरं तीच, शाळा त्याच, शिकवणारे आम्हीच. १०० टक्के वाले २०१८ ला १२५ होते ते २० झाले, ९० च्या वरचे ६३ हजारांवरून २८ हजारांच्या आसपास आले. मग जी बोंबाबोंब झाली, की सीबीएसई-आयसीएसईच्या पोरांना त्यांचे इंटर्नल मिळतात आणि आमची पोरं अकरावीच्या यादीत खाली जातात, आणि ते खोटंही नव्हतं. पुढच्या वर्षी २० मार्क परत. २०२० चा निकाल ९५.३०, शंभर टक्के वाले २४२, नव्वदच्या वरचे ८३ हजार. (त्या वर्षी लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, त्याचे मार्क सरासरीने दिले, हे पण लक्षात ठेवा.) २०२१ ला तर परीक्षाच नाही, नववीचे ५० मार्क आणि दहावीचे शाळेने दिलेले ५०, निकाल ९९.९५ आणि शंभर टक्के वाले ९५७. नंतर परीक्षा नीट सुरू झाल्या तरी २०२५ पर्यंत निकाल काही ९३ च्या खाली आला नाही, २०२५ ला ९४.१० होता आणि शंभर टक्के वाले २११, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या लातूर विभागातले.

आणि पास व्हायला शंभरपैकी ३५ लागतात, लेखी आणि शाळेचे दोन्ही मिळून. शाळेचे वीस खिशात असले की ८० च्या पेपरात १५ पुरतात. निकालाच्या टक्केवारीबद्दल ह्याहून जास्त बोलायची गरज नाही.

शाळांना शिव्या घालणं सोपं आहे. मी पण सुरुवातीला काही वर्षं एका शाळेत होते, तिथे तोंडी परीक्षेचे मार्क भरायला बसलो की मुख्याध्यापिका बाई टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "शेजारच्या शाळेत सगळ्यांना अठराच्या वर देतायत, तुम्ही खरेपणाने तेरा द्याल आणि पोर अकरावीच्या यादीत हजार नंबर खाली जाईल, चालेल?" मी एकदा तेरा दिले होते. त्या मुलीची आई दुसऱ्या दिवशी आली, भांडली नाही, रडली. त्यानंतर मी पण अठरा द्यायला लागले. सगळेच असे आहेत, कोणी एकट्याने हात आखडला तर नुकसान त्याच्याच पोरांचं, म्हणून कोणीच आखडत नाही.

बेस्ट ऑफ फाइव्हचा जन्म पण ह्याच ओढाताणीतला आहे. आयसीएसईची पोरं वरच्या कॉलेजात जास्त जातात म्हणून २००८ ला पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, हायकोर्टाने उडवलं. २००९ ला एसएससीला ९० टक्के जागा राखायचा प्रयत्न, तोही उडाला. २०१० ला बेस्ट ऑफ फाइव्ह, तेही मुंबई हायकोर्टाने रद्द केलं पण सुप्रीम कोर्टात टिकलं. तेव्हापासून प्रत्येकाचा सगळ्यात कच्चा विषय मेरिटमधून गायब आहे. आणि महाराष्ट्रात तो कच्चा विषय बहुतेकदा गणित नाहीतर इंग्रजी असतो, म्हणजे पुढे रोज लागणारेच दोन.

कटऑफ कसा बघायचा

टक्क्यांत बघू नका. पाचशेपैकी मार्कांत बघा. एक टक्का म्हणजे पाच मार्क आणि वरच्या टोकाला एका मार्कावर इतकी पोरं बसलेली असतात की ९२ आणि ९२.४ मध्ये कॉलेज बदलतं. पूर्वी ६० ते ९० मध्ये पसरलेली पोरं आता ८५ ते ९८ मध्ये कोंबली आहेत, गर्दीच्या लोकलसारखी, पाय ठेवायला जागा नाही आणि एक जण हलला की दहा जण हलतात.

तर मागच्या दोन वर्षांचे कटऑफ काढा, एका वर्षाचा बघून काही कळत नाही. प्रत्येक फेरीचा वेगळा बघा, आपल्या प्रवर्गाचा रकाना बघा, आणि माध्यम आणि अनुदानित-विनाअनुदानित नीट बघा, कारण एकाच कॉलेजच्या एकाच शाखेचे तीन-तीन कोड असतात आणि फी मध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. दरवर्षी एक तरी पालक कमी कटऑफ बघून खूश होतात आणि नंतर कळतं की ती सेल्फ फायनान्सची तुकडी होती.

मग ह्या वर्षीची हवा बघायची. निकालाच्या दिवशी बोर्ड विभागवार आकडे देतं, त्यात ९० टक्क्यांच्या वर किती जण आहेत ते असतं. पास किती झाले ह्याचा आपल्याला काही उपयोग नाही, नव्वदच्या वर किती आहेत तेवढंच बघा आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी लावा. वाढले असतील तर वरच्या कॉलेजांचा कटऑफ वर सरकणार, मी अंदाजाने तीन-चार मार्क धरते, कमी झाले असतील तर तेवढेच खाली. हा माझा ठोकताळा आहे, गणित नाही, पण फारसा चुकत नाही. ४६० वाल्याने मागच्या वर्षी ४६० ला बंद झालेलं कॉलेज "नक्की मिळणार" म्हणून धरायचं नाही, आणि ४६४ ला बंद झालेलं सोडून पण द्यायचं नाही.

अजून एक, जागा दिसतात तेवढ्या खुल्या नसतात. अल्पसंख्याक संस्था असेल तर निम्म्या जागा त्यांच्या कोट्यात, शिवाय ५ टक्के मॅनेजमेंट, १० टक्के इनहाऊस, म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतून आलेल्यांना. मग अल्पसंख्याक नसलेल्या कॉलेजांत राखीव जागा. मुंबईतल्या कितीतरी नावाजलेल्या कॉलेजांत सगळं वजा जाता जे उरतं त्यावर सगळ्या महामुंबईची पोरं तुटून पडतात आणि मग ९५ ला यादी बंद होते. ह्याची दुसरी बाजू अशी की तुमचा कोटा असेल तर तो वापरा, संकोच कसला करता. तुमच्या पोराची शाळा ज्या संस्थेची आहे तिचं ज्युनियर कॉलेज आहे का, हे विचारायला कोणी जात नाही, शाळेच्या ऑफिसात पाच मिनिटांचं काम आहे.

दहा पसंती

२०२५ पासून अकरावीचं ऑनलाइन सगळ्या महाराष्ट्राला लागू झालं, आधी फक्त मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती ह्या शहरांकडे होतं. त्यामुळे सातारा-जळगावच्या नातेवाइकांचे पण फोन यायला लागलेत मला. फॉर्मचे दोन भाग, पहिल्यात माहिती, दुसऱ्यात कॉलेजांची पसंती, कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा. सगळे दहा भरा. एक-दोनच भरून "बघू पुढच्या फेरीत" म्हणणारे पुढच्या फेरीत उरलेल्या जागा बघतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती पहिल्या नंबरावर. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, मग सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते. म्हणून पहिल्या नंबराला तेच टाका जिथे उद्या सकाळी फी भरून जायला तयार आहात. मैत्रिणीने टाकलंय म्हणून टाकलं, लागलं, आणि मग कळलं की दीड तासाचा प्रवास आहे, हे माझ्यासमोर झालंय. दुसऱ्या ते दहाव्यापैकी लागलं तर घ्यायचं का थांबायचं हे तुमच्या हातात असतं.

क्रम कसा लावायचा? मी पोरांना दहा चिठ्ठ्या करायला लावते. तीन चिठ्ठ्या अशा जिथे मागच्या वर्षीचा कटऑफ आपल्यापेक्षा चार-पाच मार्क वर, चार आपल्या आसपास, तीन नक्की मिळणारी. मग खाली बसून त्या आवडीच्या क्रमाने लावायच्या, मिळण्याच्या क्रमाने नाही. हे दोन वेळा वाचा. सिस्टीम तुमची पसंती वरून खाली बघत येते आणि जिथे तुमचे मार्क बसतात तिथे थांबते, वरची तीन नाही मिळाली तर खालच्याचं काही नुकसान होत नाही. नक्की मिळणारं वर टाकलंत तर तेच मिळेल, आणि पहिलंच असेल तर घ्यावंही लागेल.

आणि प्रवास. आमच्या इकडचं सांगते, डोंबिवलीच्या पोराला पेंढरकर चालत, बिर्ला कल्याणला उलट्या दिशेने म्हणजे गर्दी कमी, ठाण्याचं बांदोडकर, मुलुंडचं वझे-केळकर, आणि माटुंग्याचं रुईया म्हणजे स्वप्न. सकाळी सातची फास्ट पकडून माटुंग्याला जायचं म्हणजे दादरला उतरून मागे, नाहीतर स्लो. सोळा वर्षांचं पोर, पाठीवर सॅक, संध्याकाळी परत आल्यावर क्लास. जी मुलं हे करतात त्यांना माझा नमस्कार आहे, काही जण खरंच फुलतात तिथे जाऊन, पण पसंती भरायच्या आधी एकदा, एकदाच, पोराला त्या वेळेला त्या गाडीने पाठवून बघा. आईबाबा रविवारी दुपारी कॉलेज बघायला नेतात, रविवारी दुपारी काय कळणार.

आता तो ७१ चा आकडा

निकाल ते अकरावी सुरू होईपर्यंत भरपूर दिवस असतात, फेऱ्या रेंगाळल्या तर अजून जास्त. ह्या वेळात शाखेचं ठरवायला दोन गोष्टी करा.

पहिली, गणिताच्या उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. बोर्ड देतं, ऑनलाइन अर्ज करायचा, पैसे भरायचे. लोक ती मार्क वाढवायला मागवतात, तुम्ही पोर कुठे अडलं ते बघायला मागवा. पाठ केलेलं प्रमेय पूर्ण लिहिलंय, कृतीमधल्या चौकटी भरल्यात, आणि शेवटचा विचार करायला लावणारा प्रश्न कोरा, असं दिसलं तर तुम्हाला जे कळायचं ते कळलं. (फोटोकॉपीत खरंच एखादं उत्तर तपासायचं राहिलेलं दिसलं तर पुनर्मूल्यांकनाला टाका, फोटोकॉपी हातात आल्यावर मुदत फार थोड्या दिवसांची असते.)

दुसरी, पोराला पुस्तक न उघडता एक पान द्या. मी हे देते: दोन अपूर्णांकांची बेरीज ज्यात एक्स आहे, एक वर्गसमीकरणाचं शाब्दिक उदाहरण, एक ग्राफ ज्याचा चढ सांगायचा, आणि "साइन ३० एक द्वितीयांश का?" हा एक प्रश्न. का, असा. किती नाही. मागे एक ९४ वाला मुलगा बसला होता, हुशार, अक्षर मोत्यासारखं. त्याने १/एक्स अधिक १/३ बरोबर २/(एक्स अधिक ३) असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि माझ्याकडे बघून हसला. त्याची चूक नाही हो, तीन वर्षांत त्याला कोणी थांबवलंच नव्हतं, मार्क येत होते ना. आम्ही सव्वा महिना रोज एक तास बसून आठवी-नववीचं बीजगणित परत केलं, मग तो सायन्सला गेला. अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टला २५ पैकी ११ आले, घरात सुतक, पण बाकी वर्ग सहा-सातवर होता.

म्हणून मी असं म्हणत नाही की ७१ आले तर सायन्स घेऊ नका. घ्या, पण ह्या मधल्या दिवसांत पाया भरून घ्या, आणि पोराला आधीच सांगून ठेवा की मार्क निम्मे होणार आहेत आणि त्यात काही वावगं नाही. जी पोरं कोसळतात ती अभ्यासाने कमी आणि "मी तर ९२ वाला होतो" ह्याने जास्त कोसळतात.

डिप्लोमा पण बघा. पॉलिटेक्निकची मेरिट दहावीच्या मार्कांवर लागते आणि नंतर डिप्लोमाच्या मार्कांवर थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, सीईटी म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा न देता. ज्यांचे दहावीचे मार्क चांगले आहेत आणि हाताने काम करायची आवड आहे त्यांच्यासाठी हा सरळ रस्ता आहे, फक्त गणित तिथेही सुटत नाही, पहिल्याच सेमिस्टरला भेटतं.

बारावीनंतर काय मोजतात

बारावीला बेस्ट ऑफ फाइव्ह नाही, सहाशेपैकी सहाही विषय धरतात. पण फुगवटा आहेच, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोत ३० मार्क प्रॅक्टिकलचे, गणितात २०. सायन्सचा निकाल ९७ टक्क्यांच्या वर लागतो, २०२४ लाही आणि २०२५ लाही. आणि तरी इंजिनीअरिंगला हे मार्क कोणी विचारत नाही. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) मध्ये ४५ टक्के, राखीवला ४०, एवढी पात्रता झाली की संपलं, पुढे एमएचटी-सीईटीचा पर्सेंटाइल बोलतो. म्हणजे बारावीला ९० आणि ५० एकाच रांगेत.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे, हे दर वर्षी मला कोणाच्या तरी बाबांना समजवावं लागतं. पीसीएम ला ४ लाखांच्या वर पोरं बसतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे १० टक्के, म्हणजे चाळीस हजार पोरं. ९९ म्हणजे चार हजार. पुण्याचं सीओईपी नाहीतर मुंबईचं व्हीजेटीआय, ह्या नावाजलेल्या इंजिनीअरिंग कॉलेजांतलं कॉम्प्युटर हवं असेल तर ९९ च्या पुढचे दशांश मोजायचे असतात. "नव्वद आले की मॅडम!" म्हणून पेढे घेऊन आलेल्या एका बाबांना हे कसं सांगायचं ते मला सुचेना, मी पेढा खाल्ला आणि चहा टाकला.

सीईटी मध्ये साधारण २० टक्के अकरावीचं आणि ८० टक्के बारावीचं विचारतात, निगेटिव्ह मार्किंग नाही, गणिताच्या प्रश्नाला दोन मार्क. म्हणजे २०० पैकी १०० एकट्या गणिताचे. बेस्ट ऑफ फाइव्ह मध्ये जे गणित पाठच्या दाराने बाहेर गेलं होतं ते इथे अर्धा पेपर होऊन पुढच्या दाराने परत येतं. तो ७१ चा आकडा काढायला ह्यासाठीच सांगितलं.

इंटिग्रेटेडबद्दल, म्हणजे क्लास आणि कॉलेज जोडून चालवतात त्याबद्दल, दोन शब्द. क्लासवाले सांगतात की कॉलेज आमच्याशी टायअप आहे, हजेरीचं बघू, प्रॅक्टिकलचे पूर्ण मार्क. सरकारने २०१८ मध्ये हे थांबवायलाच बायोमेट्रिक हजेरी आणली होती. माझ्या एका विद्यार्थिनीने दोन वर्षं कॉलेजची लॅब आतून बघितली नाही, प्रॅक्टिकलला ३० पैकी २८. आता बीएससीला आहे आणि ब्युरेट हातात धरताना घाबरते असं स्वतःच सांगत होती.

बीए, बीकॉम, बीएससीला अजून बऱ्याच ठिकाणी बारावीच्या मार्कांवर यादी लागते, त्यामुळे आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी बारावीचा प्रत्येक मार्क धरून ठेवा, तुमच्यासाठी तो अजून चलनात आहे. बीबीए, बीएमएस, बीसीए ला मात्र २०२४ पासून सीईटी आली, आणि काही कॉलेजांनी लगेच कोर्सचं नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज वगैरे केलं म्हणजे सीईटी नको. तेव्हा माहितीपत्रकावर कोर्सचं पूर्ण नाव वाचा, कारण त्या नावावर ठरतं की परीक्षा द्यायची का नाही, आणि सीईटीचा अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आधीच सुरू होतो.

दिल्लीला जायचं डोक्यात असेल तर तिथे हे नाटक आपल्या आधी संपलं. दिल्ली विद्यापीठात २०२१ ला काही कॉलेजांच्या कोर्सचा कटऑफ १०० टक्के लागला, म्हणजे एक मार्क गेला तरी दार बंद, आणि तरीही जागांपेक्षा पोरं जास्त आली. २०२२ पासून त्यांनी सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा लावली, बोर्डाचे मार्क आता फक्त पात्रतेपुरते. ९८ वाली पोरगी असेल तरी सीयूईटीचा फॉर्म भरायला विसरली तर काही नाही.

किरकोळ, पण ह्याच गोष्टींनी रडवलंय

जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, ईडब्ल्यूएस जे काय असेल ते निकालाच्या आधीच काढायला टाका, निकालानंतर सेतू केंद्रात रांग बघा. इंजिनीअरिंगला जात वैधता लागते, ती अकरावीत असतानाच अर्जाला लावा. मार्क इतके चिकटलेले आहेत की दाखला वेळेत नसल्याने खुल्यात धरलं गेलं तर सरळ दुसऱ्या गावचं कॉलेज.

ड्रॉइंग, स्पोर्ट्स, एनसीसी, लोककला ह्यांच्या वाढीव मार्कांचे प्रस्ताव ठरलेल्या मुदतीत, निकालाच्या बऱ्याच आधी शाळेमार्फत जावे लागतात, निकालानंतर सर्टिफिकेट नाचवून उपयोग नाही. नववीत असाल तर आजच शाळेत विचारा. सात मार्क म्हणजे १.४ टक्के, वर बघितलंत ना काय होतं त्याने.

आणि फॉर्मवर मोबाईल नंबर स्वतःचा टाका. दोन वर्षांपूर्वी एका मुलीचा फॉर्म सायबर कॅफेवाल्याने भरला, नंबर त्याचाच टाकला, आणि यादी लागली त्या दिवशी तो लग्नाला गावी गेलेला, फोन बंद. ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, आणि प्रवेश घ्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाची. तिचे बाबा दुपारच्या एसटीने त्याच्या गावाला गेले. लॉगिन आयडी आणि पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि त्या पानाचा फोटो आईच्या फोनमध्ये ठेवा.